इतिवृत्ताची वही

पहिल्या पानावर मी लिहिलं: हजर, अकरा.
खरं तर आम्ही दहा,
आणि शेठचा वॉचमन, जो कुलूप उघडायला आला
आणि पंख्याखाली बसून राहिला.

अक्कलकोट रोड, एमआयडीसीच्या पाठीमागे
बारा मागांची शेड.
माग भंगारात गेले,
जमिनीत उरले त्यांचे बोल्ट,
करंगळीएवढे, वर आलेले.
सतरंजी अंथरली तरी कळायचे.
ज्याला जिथे टोचलं नाही
ती त्याची जागा ठरली.
नऊ वर्षं झाली, अजून तीच आहे.

पत्र्यावर खडूनं लिहिलं: प्रेस्बिटेरियन मंडळी.
चहावाला दोन महिने म्हणत होता,
'कसली कंपनी हो ही?'

रेव्हरंड शिरसाट बार्शीहून एसटीनं यायचे,
पिशवीत प्रभुभोजनाचा पेला
आणि बायकोनं बांधून दिलेली कडक भाकरी.
एका रविवारी पाव घरी राहिला.
त्यांनी भाकरीच उचलली, मोडली.
कट्‌कन आवाज झाला,
पत्र्यापर्यंत गेला आणि परत आला.
तीस वर्षं मी पाव मोडताना पाहत होतो,
मोडणं ऐकलं ते त्या दिवशी.
वहीत याची नोंद नाही.
नोंद आहे: दान, एकशे बेचाळीस रुपये.

शमुवेल पारधेच्या मुलीचा बाप्तिस्मा
तीनदा पुढे गेला.
नळ पाचव्या दिवशी, रविवार सातव्या,
दोघांचं गणित जुळेना.
शेवटी गड्डम नरसम्मानं एक कळशी झाकून ठेवली,
घरी पाहुणे, धुणं तुंबलेलं, बाहेर बेचाळीस डिग्री.
'कोनी हात लावायचा नाय. बाळाचं हाय.'
पाळकांनी घेतलं ओंजळभर.
उरलेल्या पाण्याचं काय करावं
यावर आम्ही पुरुष अर्धा तास बोललो.
तेवढ्यात तिनं कळशी कमरेवर घेतली
आणि घरी जाऊन वरण शिजवलं.

प्रार्थना तीन भाषांत होते.
कानडी आधी संपते, मग मराठी,
तेलुगू शेवटी, दम खात.
आम्ही थांबतो.
'आमेन' तेवढं एकदम पडतं.
थांबणं कुणी शिकवलं नाही,
कधी सुरू झालं तेही वहीत सापडत नाही.

चौथ्या वर्षी वडील निवडायचे होते, तीन.
चिठ्ठ्या मीच उलगडल्या.
नरसम्मा, चौतीस.
दिवसाला हजार विड्या वळणारी,
सहीऐवजी अंगठा.
हरकत कुणी घेतली, तर मी.
म्हटलं, बाई वडील कशी?
शब्दच चालत नाही मराठीत.
गिरणीत टाइमकीपर होतो मी,
शब्द आणि वेळ, दोन्हींना जपणारा.
ती उठली, पदर सारखा केला.
'बाप मेला तवा आमी पाच भावंडं.
बारक्याला इचारा,
वडील कोन होता घरात.'
बारका तिथेच होता, पन्नाशीचा,
चपलांच्या ढिगाशेजारी.
त्याला कुणी विचारलं नाही.
तो रडत होता.

वहीत माझ्या हस्ताक्षरात आहे:
हरकत मागे घेतली.
अक्षर जरा वाकडं आलंय.

आता हजर, एकशे सात.
वॉचमन अजून सभासद नाही,
मी त्याला धरतो.
पोरांनी ड्रम आणलाय, तो मला आवडत नाही.
शिरसाटांच्या जागी तरुण पाळक आलेत,
त्यांच्या उपदेशात तारखा चुकतात.
दारात दुचाक्या इतक्या
की चहावाल्यानं दुसरी टपरी टाकली.

गेल्या सभेत ठरलं: फरशी बसवायची.
सोमवारी माणूस येईल, बोल्ट कापेल.
मी सूचना मांडली की
डाव्या रांगेतला, माझ्या गुडघ्याजवळचा,
एक बोल्ट राहू द्यावा.
सगळे वहीकडे बघत राहिले.
नरसम्मा हसली, पण हात वर केला नाही.
तसंच लिहिलं:
अनुमोदन नाही.