चू. भू. द्या. घ्या.

अर्ज लिहायला बसले तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते.
तीन नंबरच्या थिएटरमधलं सिझर नुकतंच आटोपलं होतं
आणि कळव्याच्या खाडीवरचा खारट, कुबट वारा
रिकव्हरीच्या फुटक्या काचेतून आत शिरत होता.

विषय : भूलशास्त्र विभागाच्या मागण्यांबाबत.

महोदय,
आपल्या तक्त्यात एक रकाना आहे, ‘विभागाचे उत्पन्न’.
तिथे मी दर वर्षी आडवी रेघ मारते.
आमच्या नावाने केसपेपर निघत नाही.
आमची ओपीडी म्हणजे जिन्याखालचं टेबल.
पेढे सर्जनकडे जातात, ते रास्तच आहे.
दिव्याच्या ठमाबाई भोईर शुद्धीवर आल्या
नि म्हणाल्या, “कवा चालू करनार?”
मी म्हटलं, झालं.
त्यांना मी आठवत नाही.
आठवले असते तर माझंच काहीतरी चुकलं असतं.

महोदय, मंगळवारी डॉ. गजबेने पहिल्यांदा नळी घातली.
भंडाऱ्याची पोर. हात स्थिर, गुडघे लटपटत होते.
नळी अन्ननलिकेत गेली.
मी तिच्या हातातून लॅरिंगोस्कोप घेतला नाही.
मास्क धरला, पिशवी दाबत राहिले,
“परत बघ,” म्हटलं.
पल्सचा सूर एक पायरी उतरला, मग अर्धी.
सर्जननी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.
दुसऱ्या खेपेला बरोबर बसली.
सगळी मिळून चार मिनिटं.

ही चार मिनिटं कुठल्या खात्यात टाकू?
लेखाधिकारी कारखानीस म्हणतात, असं खातं नाही.
पगार, औषधं, दुरुस्ती, किरकोळ.
शिकवणं किरकोळमध्ये बसतं का,
ते वर विचारून सांगणार आहेत,
गेल्या दिवाळीपासून.

सरावाच्या पुतळ्याचा ओठ फाटलाय.
मुलं त्याला काशिनाथ म्हणतात;
सर्जरीच्या एका रेसिडेंटने टाके घालून दिले, सुबक.
वर्ग भरतो चादरींच्या जुन्या खोलीत,
फिनेलच्या वासात, सकाळी सातला,
रात्रपाळीची मुलं भिंतीला टेकून डोळे उघडे ठेवतात.
झोपेचं शास्त्र शिकायला आलेली, न झोपलेली मुलं.

साळगावकर सर घोडबंदर रोडच्या काचेच्या इस्पितळात गेले.
मी दोष देत नाही.
शाल-श्रीफळ मीच आणलं, जांभळी नाक्यावरून.
त्यांच्यामागे तीन थिएटरं आणि मी एकटी,
दारादारातून मान घालत फिरते.

तरी कृपया विचार व्हावा.

खाली सवयीने लिहिलं : चू. भू. द्या. घ्या.
आणि पेन थांबलं.
भूल देतो आम्ही, घेणारा घेतो,
काही हिशेब न विचारता, पाठीवर पडून,
दहापासून उलटं मोजत.
चूक मात्र
ना देता येते, ना घेता.
खोडलं नाही. तसंच पाठवलं.

पावणेदोन महिन्यांनी उत्तर आलं.
पद : एक, कंत्राटी, अकरा महिने.
पुतळा : नामंजूर.
काच : बांधकाम विभागाकडे वर्ग.
आणि समासात हिरव्या शाईने, वाकड्या अक्षरात,
डीन स्वतः हाडांचे डॉक्टर, अक्षरही तसंच:
‘सोम., गुरु. पहिली केस नऊला घ्यावी.
आधीचा अर्धा तास शिकवण्यासाठी राखीव.
सर्जन कुरकुरतील. मी बघतो.’

मी ते दोनदा वाचलं.
मग टेक्निशियन हिदायत मुकादमला दाखवलं.
त्याने चष्मा कपाळावर सरकवला, कागद उजेडात धरला.
“मॅडम,” म्हणाला,
“अर्ध्या तासाचं व्हाउचर कसं फाडायचं?”