अर्धा तास

बोट्सफ्यूरला उतरले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते.
सूर्य महिनाअखेरपर्यंत रजेवर, असं टॅक्सीवाला म्हणाला.
पिशवीत चार रंगांच्या चिकट चिठ्ठ्या, जाड पेनं,
पंधरा मिनिटांचं वाळूचं घड्याळ.
एवढ्या भांडवलावर मी कारखान्यांना चपळ करते.

टोरलाइफनं हात मिळवला. हात गार, हिशेब गरम:
"ट्रक रोज उशिरा सुटतो.
घोडं कुठे पेंड खातंय, शोधा. तीन दिवस देतो."

मासे कापायच्या टेबलापाशी अकरा जणांना उभं केलं.
उभंच का? बसलं की मीटिंग होते,
उभं राहिलं की बोलणं होतं,
हे मी दर गावात सांगते.
इथली माणसं पहाटे पाचपासून उभीच होती.
कोणी हसलं नाही.

एका चिठ्ठीवर एकच अडचण, मी म्हटलं,
आणि भिंतीवर तीन रकाने आखले:
करायचं, चालू, झालं.
चिठ्ठ्या चिकटल्या. मग एकेक करून
ओल्या भिंतीवरून घसरल्या, बर्फाच्या चुऱ्यात पडल्या,
खाऱ्या पाण्यात हिरवी शाई
कॉडच्या डोळ्यांसमोरून वाहत गटाराकडे गेली.
उंटावरून शेळ्या हाकायला आलेल्या बाईचा
उंटच खाली बसला.

डाइवानं रबरी झाडूनं सगळ्या अडचणी एका कोपऱ्यात लोटल्या.
तेव्हा कोणीतरी हसलं.
घड्याळात वाळू निम्मी उरली होती.

शिवनेसन, वीस वर्षं सुरी चालवणारा,
काही न बोलता एक रिकामा ट्रे पालथा घालून बसला,
उकिडवा, उभं राहायचा माझा नियम मोडून.
खडूनं दार काढलं, टेबल काढलं, वजनकाटा काढला,
आणि दारापासून काट्यापर्यंत
टेबलाला लांबलचक वळसा घालणारी रेघ.
"बावीस पावलं," तो म्हणाला.
त्याच्या नॉर्वेजियनमध्ये जाफना अजून जागं होतं.
"काटा खिडकीखाली नेला तर सात."

मग आधी का नाही नेला?
"आधी तिथंच होता," डाइवा म्हणाली.
"पाइप फुटला म्हणून इकडे आणला. दोन दिवसांसाठी."
कधी?
ती बोटांवर हिवाळे मोजू लागली.
दुसऱ्या हाताला सुरुवात झाल्यावर मी थांबवलं.

उद्याच करून बघू, मी म्हटलं, चुकलं तर परवा बदलू.
चुकलं.
काट्याची वायर तोकडी पडली, जोड दिला तर फ्यूज उडाला,
अंधारात दोनशे ट्रे आणि अकरा श्वास,
दारात टोरलाइफची विजेरी, फक्त माझ्या तोंडावर.
चूक लवकर झाली हे चांगलं असतं,
हे वाक्य मी त्या उजेडात गिळून टाकलं.

तिसऱ्या दिवशी नवी वायर आली.
ट्रक अकरा चाळीसऐवजी अकरा दहाला सुटला.
टाळ्या नाहीत. हातमोजे ओले असले
की टाळी वाजत नाही, नुसती चपचपते.

टोरलाइफनं उभ्या उभ्या गणित मांडलं:
अर्धा तास म्हणजे आणखी तीनशे किलो.
डाइवानं खडू उचलला.
एक ट्रे पालथा घातला, सावकाश लिहिलं:
*अर्धा तास. कोणाचा?*
पानेवेझीसला तिची मुलगी त्याच वेळी
जेवणाच्या सुट्टीत फोनपाशी असते,
हे तिनं ट्रेवर लिहिलं नाही, मला सांगितलं.
मग विचारलं, "हा कुठल्या रकान्यात ठेवू?"

माझ्या पद्धतीत सगळ्याला रकाना आहे.
मी पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं.
टोरलाइफ छताकडे बघत होता,
शिवनेसन माझ्याकडे.

विमान दोनला होतं.
वाळूचं घड्याळ मी पिशवीत आडवं ठेवलं;
आडवं ठेवलं की वाळू पडत नाही,
वेळ मात्र जातोच.
दाराशी वळून पाहिलं तर
तो ट्रे भिंतीला टेकवून उभा होता,
'चालू'च्या खाली,
आणि त्याच्यासमोर ती सगळी,
माझ्याशिवाय,
उभ्यानंच बोलत होती.