पाणी मुरतं का

पिट्सबरोच्या तांबड्या चिकणमातीत
वर्नेल टिलीने खड्डा खणला, पाणी ओतलं,
घड्याळ काढून उकिडवा बसला.

विहीर वर, शोषखड्डा खाली,
मधल्या शंभर फुटांच्या टेपचं टोक माझ्या हातात.

म्हटलं, आमच्या भाषेत
कुठे पाणी मुरलं की संशय घेतात.
"इथे न मुरलं तर," तो म्हणाला,
"मी सही करत नाही."

अर्ज मांडीवर. बेडरूम किती? तीन.
माणसं?
एक, आता.
त्याने माणसांचा आकडा लिहिला नाही;
टाकी खोल्यांवर ठरते म्हणे.

चाळीस मिनिटं ढग खड्ड्यातच अडकलेला.
एक मुंगी काठाकाठाने फिरून गेली.
मग पाण्याने कडेला
नखाएवढी ओली रेघ मागे सोडली,
आणि वर्नेल, कुजबुजल्यासारखा:
"उतरतंय."