सहाचं तीन

मॅडमनी विचारलं, कुठं खणायचं?
त्यांच्या नकाशावर चौकोन आखलेले, पन्नास पन्नास फुटांचे.
मी चपला काढल्या, ओढ्यात उतरलो,
करंजाच्या बुंध्यापासून सात पावलं मोजली
आणि पहार रोवली.
इथं.

नळीतून गाळ निघाला हातभर लांब.
वर औंदाच्या पावसाची तांबूस साय,
खाली उसाच्या रानातली काळी माती,
आणि तिच्याखाली बोटभर
हिरवट पिवळी रेघ.
कुंभोजकर मॅडम रेघेकडं बघत राहिल्या.
"नेमकं कसं सापडलं हो, शिकलगार?"
अंदाज, म्हणालो.

अंदाज कसला.
चौदा वर्षं मी कुपवाडला प्लेटिंगच्या टाकीवर, दुसरी पाळी.
सायलेन्सरला, नळाच्या तोट्यांना
तोंड दिसेल अशी चकाकी चढवायची.
टाकीतलं पाणी म्हातारं झालं की शेठ म्हणायचे,
दस्तगीर, पाऊस लागला की बघ.
पाऊस लागला की मी बघायचो.
पाइपचं तोंड करंजापाशी होतं.

त्या टाकीनं माझ्या नाकाचा पडदा खाल्ला.
श्वास जोरात घेतला की आत शिट्टी वाजते,
नातवंडं म्हणतात, दादा, परत.
वास गेला तो गेलाच.
हळद शिजायच्या दिवसांत
काहिलीपाशी उभा राहतो, नुसती वाफ लागते तोंडाला.
ओढ्याला घाण येते म्हणतात,
येत असेल.

अब्बा हरिपूरला पेवांवर हमाल होते.
जमिनीच्या पोटात पोती ठेवायची, वर्षं वर्षं,
मातीच सांभाळायची.
पेव उघडलं की आधी कंदील सोडायचा.
विझला तर उतरायचं नाही.
पुढं महापुरात पेवं बसली.
अब्बा म्हणाले, सांभाळणाऱ्यालाच पाणी लागलं, काय करणार.

गाळ उचलून न्यायचा कुठं?
जिथं नेऊ तिथं कुणाचं तरी गाव लागतं, मॅडम म्हणतात.
म्हणून इथंच बांधायचा.
शिशाला हाडांची भुकटी.
निकेलला चुना, पण जपून.
हळदीच्या पाल्याचा कोळसा, तो सगळ्यांनाच थोडा थोडा.
आणि क्रोमला लेथचा लोखंडी कीस,
सहाचं तीन करायला.
सहाचं पाण्यासंगं पळतं, तीनचं बसतं.
मी विचारलं, मरतं का मग?
नाही हो. बसतं.

गिलाव्याचा माल कालवावा तसं कालवतो.
खालच्या अंगाला भूपाल चौगुलेचा मळा.
त्याची मेथी बाजारात कुणी घेत नाही,
बायकोही म्हणते, उंबऱ्याच्या आत आणू नका.
तो रोज चार वाजता किटली घेऊन बांधावर येतो.
माझ्या कपात जरा जास्त ओततो,
तुम्ही अंगमेहनतीचे, म्हणतो.
तीन आठवडे मी तो चहा पितोय.

कॉलेजात एक चाक आहे.
आंबट पाण्यात गाळ घालून बाटली त्यावर अडकवायची,
अठरा तास फिरवायची.
गाळ धरून ठेवतोय का सोडतोय, ते कळतं.
पहिल्या ढिगाचा आकडा खाली आला.
दुसऱ्याचा नाही.
परत कीस, परत कोळसा, परत बाटली.
आणि महापूर आला तर?
मॅडम चष्मा पुसतात. दोनदा पुसतात.

चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडं.
तारीख. खोली. जागा: करंजापासून सात पावलं.
शेवटचा रकाना शेऱ्याचा,
तो मी मोकळा सोडत आलो.
आज लिहिलं:
जुना पाइप इथं होता. दुसरी पाळी. द. शिकलगार.
चिठ्ठीला डिंक लावला, अंगठ्यानं दाबली,
बाटली चाकाला अडकवली
आणि बटण दाबलं.