डिंक्या

एकतीस पूर्ण, आणि परत पहिल्या बाकावर.
वनस्पतिशास्त्राची एमएस्सी, मग सहा वर्षं
काटोलच्या नर्सरीत कलमं मोजण्यात गेली;
आता नागपुरात, गायत्रीनगरला, दुसऱ्या मजल्यावर
मी शिकून राहिली पॅकेट म्हणजे काय.

शेजारचा बोरकुटे बावीसचा, कीबोर्ड न बघता लिहितो.
मी एका बोटानं कोलन शोधते.
पहिल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, रूट.
मी वहीत लिहिलं मूळ, खाली तंतुमुळंही काढली,
हात थांबलाच नाही.

काल एका पतपेढीचे लॉग वाचायला दिले.
सात महिने कुणीतरी आत बसून होतं.
दार फोडलं नाही, दिवा लावला नाही,
रात्री अडीचला एक ओळ, मग चार दिवस शांत.
"कळलं कसं नाही कोणाला?" बोरकुटे हसला.

म्हटलं, अरे बाप्पा, संत्र्याला डिंक्या लागतो
तेव्हा पानं हिरवीच असतात.
बुंध्याजवळची माती सारून बघावं लागतं,
साल नखानं खरवडून, वास घेऊन.
बहरही येतो त्या वर्षी. भरघोस येतो.

सोमकुवर मॅडमनी फळ्यावर लिहिलं: डिंक्या.
खाली काहीच नाही.

रात्री आईचा फोन.
"बँकेतून विचारत होते, तो आकडा
सांगून देल्ला म्या त्याईले. बराबर केलं ना?"
कूलर कोरडाच खडखडत होता.
मी उठून दिवा लावला, वही ओढली.
किती वाजता, आई?
नीट आठव. किती वाजता?