अंडी आणायला जाताना

काम एवढंच: गाडीअड्ड्यापर्यंत जायचं,
सहा अंडी, पावाची लादी,
सासऱ्यांच्या गोळ्यांची एक पट्टी.
तरी मी आरशासमोर.
आरसा म्हणजे न्हाणीच्या दाराशी खिळ्याला टांगलेला,
खालून पारा उडालेला,
त्यामुळे हनुवटी रोज अंदाजाने.

एका डोळ्यात काजळ झालंय.
दुसऱ्याच्या आधी थांबावं लागतं,
कारण पायाशी शौनू
पावडरचा डबा उपडा करून त्यात चालतोय,
आणि त्याची पांढरी पावलं
स्वयंपाकघराकडे निघालीत.

गडग्यापलीकडून शालनकाकी, हातात झाडू:
"खंय गो चल्लंस, इतक्या नटान?"
"अंडी हाडूक."
"मगे? अंड्यांका डोळे आसत काय?"

मी हसते. ती पण हसते.
उत्तर आहे माझ्याकडे, पण ते लांब आहे,
आणि ऊन चढतंय.

उत्तर असं, की हा झाल्यावर पाच महिने
मी एकाच गाऊनमध्ये होते. म्हणजे दोन होते,
पण दोन्ही सारखेच दिसायचे.
केसांना दुधाचा वास, शेपेचा वास,
कशाकशाचा वास.
एकदा कुरिअरचा पोरगा आला,
माझ्याकडे बघून म्हणाला,
"मॅडमना बोलवा ना जरा, सही हवीय."
मी "बरं" म्हटलं.
खरंच आत गेले मॅडमना बोलवायला.
कपाटात बघितलं, चादरींच्या खाली बघितलं,
लग्नातल्या पर्समध्ये एक लिपस्टिक निघाली,
उकाड्याने वितळून वाकडी झालेली.
ती लावली. केस बांधले. टिकली शोधली.
मॅडम बाहेर आल्या तेव्हा
पोरगा निघून गेला होता,
पाकीट गडग्यावर, चिऱ्याच्या तुकड्याखाली.
सही कोणी केली, देव जाणे.

त्या दिवसापासून मी मॅडमना
घरात एकटं सोडत नाही.

संध्याकाळी बंदरावर आम्ही चौघी असतो.
फरजानाचा सुरमा बघत राहावा असा,
तिची ओढणी आणि लेकीचा फ्रॉक एकाच ठाणातला.
लवीना उंच टाचांचे सँडल घालून येते
आणि वाळू लागली की हातात घेते,
रोज, न चुकता, आणि रोज घालून येते.
मयुरीच्या नखांचा लाल रंग कोळंबी सोलून
मध्येमध्ये उडालाय,
पण अंगठ्यांवर शाबूत आहे, ती दाखवते.
पोरं शिंपले तोंडात घालतात, आम्ही काढतो.
काढता काढता बोलतो:
हा रंग कुठला गं? टिकतो का घामात?
नाही टिकत. इथली हवाच अशी,
पाच पावलांत पावडरचं पाणी.
कोणासाठी नटलीस, असं मात्र
कुणी कुणाला विचारत नाही.

शौनूला शब्द येतात अकरा.
त्यातला एक आहे "टक".
लिपस्टिकचं टोपण उघडताना तो आवाज येतो.
टक म्हणजे भूर. टक म्हणजे गाय, म्हावरं, रिक्षा,
बाहेरचं सगळं.
टक झालं की तो असेल तिथून धावतो
आणि चपला आणतो, माझी एक, त्याची एक.

तर निघालो.
त्याला कडेवर घेतलं, त्याने लगेच
गाल माझ्या ओठांवर घासला,
माझा अर्धा रंग त्याच्याकडे गेला
आणि त्याची लाळ माझ्या मानेवर.
दुकानदार म्हणाला, "काय कार्यक्रम आहे?"
मी म्हटलं, "सहा द्या."

येताना एक फुटलं.
उरली पाच.
दुपारी एकाला मी काजळाने डोळे काढले,
थोडे तिरके आले, पण आले.
शालनकाकीला गडग्यावरून दाखवलं.
ती पदराने तोंड झाकून इतकी हसली
की झाडू खाली पडला.

आता शौनू ते अंडं
उकडायला देत नाही.
फ्रिजचं दार उघडून उभा राहतो
आणि त्याला सांगतो,
टक.