तळहाताचं माप

खोक्यावर लिहिलंय : आवाज जवळजवळ नाही.
त्या 'जवळजवळ'चं मोजमाप माझ्याकडे.

वरवंट्याइतकं जड धूड,
सहा नळ्या तांब्याच्या, वर निकेलचा मुलामा,
पातळ पत्र्यांच्या दोन चवडी,
एक पंखा पुढे, एक मधल्या फटीत.
प्रोसेसरवर पेस्ट वाटाण्याएवढी
(सुरण नाही, रताळं नाही, वाटाणाच का,
हे कुणी सांगत नाही).
स्क्रू समोरासमोरचे, आलटूनपालटून,
पिळताना मदरबोर्ड कण्हला तसं वाटलं.
पुढचा पंखा मेमरीच्या पट्टीला अडला.
बोटभर वर घेतला,
तर झाकण लागेना दोन मिलिमीटरसाठी.
दोन मिलिमीटरसाठी मी ज्या शिव्या दिल्या
त्या हॅलिफॅक्समध्ये समजणारी मी एकटीच.
शेवटी उंच पट्टी काढून बुटकी बसवली.
अहवालात पहिलं वाक्य :
घेणाऱ्याने आधी फूटपट्टी घ्यावी.

रात्री दीड. चढावरची आमची गल्ली निजलेली.
शेवटची बस वळणावर गिअर बदलून
केव्हाच वर निघून गेली.
फ्रिज बंद केला.
बॉयलर बंद. अंगात स्वेटरवर स्वेटर.
भिंतीवरचं घड्याळ काढून
दोन उशांखाली दडपलं.
मीटर हातभर अंतरावर, स्टँडवर.
कॉम्प्युटर अजून सुरूही नाही, आकडा सव्वीस.
कोण बोलतंय?
मीच. नाकातून.
श्वास धरला : चोवीस.
याच्याखाली हे घर जात नाही.

मग सुरू केला. चोवीस.
पूर्ण भार, अर्धा तास,
एकाहत्तर अंशांवर तापमान थबकलं
आणि तिथेच बसून राहिलं, शहाण्या पाहुण्यासारखं.
आकडा चोवीस. एकदा पंचवीस,
पण तेव्हा माझा गुडघा वाजला होता.

सकाळी कळलं, फ्रिज बंदच राहिला.
दूध नासलं.

अकराला शेजारचे ओल्डरॉइड आले,
शिडी परत करायला.
एकतीस वर्षं गालिच्यांच्या गिरणीत,
मागांनी दोन्ही कान नेले. ओठ वाचतात.
मी उत्साहात म्हटलं, "ऐका ना, किती शांत!"
आणि जीभ चावली.
ते खो खो हसले. "मला तर सगळेच शांत, पोरी."
मग खुर्ची ओढून,
केसच्या पत्र्यावर तळहात पालथा ठेवला,
डोळे मिटले.
चहा गार व्हायला लागला.
"दोन आहेत ना आत?
मागचा लंगडतोय."

उघडून पाहिलं.
मधल्या पंख्याची तारेची पकड
एका टोकाला खाचेबाहेर, तांदळाएवढी.
दाबली. टक्.
त्यांनी पुन्हा हात ठेवला,
मान हलवली : आता धोटा सरळ जातोय.

चारशे पौंडांचं माझं मीटर
कोपऱ्यात चोवीस दाखवत उभं होतं.

दारात वळून त्यांनी विचारलं,
ऐकू न येणारी माणसं विचारतात तसं, अख्ख्या गल्लीला :
"किती म्हणालीस आवाज?"
चोवीस, मी ओठांनी आकडा घडवला.
"म्हणजे केवढा?"
काय सांगू? फ्रिज बंद, घड्याळ उशीखाली,
माणसाने श्वास धरलेला, तेवढा.
ते माझ्या ओठांकडे पाहत राहिले.
"म्हणजे जमिनीच्या फळ्यांतून
पायाला काहीच लागत नाही, तसं?
नोरीन गेल्यापासून आमच्याकडे तेवढाच.
तुझा जिना मात्र लागतो मला, भिंतीतून.
आठ वाजता. मग मी दिवा घालवतो."

अहवाल पाठवला.
तापमान, आवाज, किंमत, झाकणाची भानगड.
'इतर' या रकान्यात काही लिहिलं, खोडलं.

रात्री आठला
रबरी सपाता खालीच काढून ठेवल्या
आणि जिना चढले,
प्रत्येक पायरीवर टाच टेकवून,
जरा जोरातच.